पत्र आणि पैका

आयर्लंडच्या पार्लमेंटने १६९५ साली जो कायदा मंजूर केला, त्याअन्वये कॅथलिक पंथाचे शिक्षण देण्यासाठी मुलास समुद्रापलीकडे धाडणे हा अपराध ठरला; आणि नुसते धाडणेच नव्हे, तर तेथे त्याच्या निर्वाहासाठी पैका पोहोचविणे हाही अपराधच ठरला. जो कोणी असे करील त्यास न्यायालयात दावा लावता येऊ नये, कोणाचे पालकत्व पत्करता येऊ नये, मृत्युपत्रान्वये काही मिळू नये, सरकारी हुद्दा धारण करता येऊ नये आणि त्याची चीजवस्तही जप्त व्हावी, अशी तजवीज त्या कायद्यात होती. इतका कडक बंदोबस्त असूनही मुले जातच राहिली, यात नवल नाही. ज्या घराला आपल्या मुलास धर्मगुरू, वैद्य किंवा सैनिक अधिकारी करावयाचे होते, त्या घराला दुसरा मार्गच सरकारने शिल्लक ठेवला नव्हता. नवल आहे ते एवढेच की, घरी कुशल कळविण्याचे साधे पत्र हे ज्या काळी घरच्यांविरुद्धचा पुरावा ठरू शकत होते, त्या काळीही पत्रे लिहिली गेली, पोहोचली आणि त्यांतली काही जपूनही ठेवली गेली.

डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज १५९२ साली निघाले ते प्रॉटेस्टंट राजसत्तेच्या छत्राखाली, आणि कॅथलिकांना तेथली पदवी घेण्याची मुभा मिळण्यास १७९३ साल उजाडावे लागले. ज्या वर्षी ट्रिनिटीचा पाया घातला गेला, त्याच वर्षी स्पेनमधील सालामांका येथे आयरिश विद्यार्थ्यांसाठी निराळे विद्यालय स्थापन झाले. पुढे १६०३ साली बोर्दो, १६०७ साली लूव्हेन, १६२८ साली रोम, आणि या सर्वांत मोठे असे पॅरिसचे, अशी विद्यालयांची एक मालिकाच युरोपभर पसरली. यांपैकी लूव्हेनच्या फ्रान्सिस्कन मठाने घराशी जो संबंध राखला तो अगदी निराळ्या जातीचा होता. मिहाल ओ क्लेरी नावाच्या आपल्या एका बंधूस त्यांनी १६२६ साली मायदेशी परत धाडले ते खुशालीचा निरोप देण्यासाठी नव्हे, तर संतचरित्रे व जुनी बाडे उतरवून घेण्यासाठी. त्या उद्योगातूनच १६३२ ते १६३६ या काळात आयर्लंडचा जो बृहद् इतिवृत्तग्रंथ सिद्ध झाला, तो ‘चार पंडितांची बखर’ या अर्थाच्या नावाने आजही ओळखला जातो. परंतु हा विद्वानांचा मार्ग झाला. सामान्य विद्यार्थ्याच्या मनात बखर नसते. त्याच्या मनात पुढल्या तिमाहीचा खर्च असतो.

हा खर्च पोहोचे तो हुंडीने. कॉर्क किंवा वॉटरफर्डचा व्यापारी लोणी, खारवलेले गोमांस आणि कातडी फ्रान्सला रवाना करी आणि उलट फेरीत मद्याची पिंपे आणी. त्याचा अडत्या बोर्दो किंवा नांत येथे बसलेला असे, आणि तो बहुधा त्याचाच भाऊबंद, मेहुणा किंवा पुतण्या असे. गावाकडच्या बापाने येथल्या व्यापाऱ्याकडे रक्कम भरावी, व्यापाऱ्याने तिकडल्या अडत्याच्या नावे चिठ्ठी द्यावी, आणि अडत्याने ती रक्कम विद्यालयात पोहोचती करावी, असा हा व्यवहार होता. सरकारी दप्तरात पाहू जाता ती लोण्याची उधारी असे, घरच्या वहीत मात्र ती मुलाच्या विद्येची किंमत असे. ज्या जहाजातून हुंडी जाई त्याच जहाजातून पत्र जाई, आणि पत्राचा वाहक व पैक्याचा वाहक हे एकच असल्यामुळे दोन्ही गोष्टी त्या समाजाच्या मनात पुढे फार काळ एकमेकींपासून निराळ्या झाल्या नाहीत. आयर्लंडच्या देशांतरितांची जी काही घरपत्रे आम्ही वाचली, त्यांवरून आमचे मत असे झाले आहे की, पत्राचा सूर ओळखावयाचा असेल तर आधी पैक्याचा ओघ कोणत्या दिशेने वाहतो आहे, हे पाहावे.

या जलमार्गाचा एक विलक्षण दाखला इंग्लंडच्या सरकारी दप्तरखान्यात पडून होता. सप्तवार्षिक युद्ध ऐन भरात असता, १७५७ च्या मार्च महिन्यात, ‘टू सिस्टर्स’ नावाचे डब्लिनचे जहाज बोर्दोहून मद्य घेऊन परतत असताना, ब्रिस्टलच्या ‘सीझर’ नामक खासगी लढाऊ जहाजाने, म्हणजे स्वतःच्याच राजाची सनद बाळगणाऱ्या जहाजाने, ते पकडले. पकडलेल्या जहाजावरील यच्चयावत् कागद नौदलाच्या न्यायालयात दाखल करण्याची रीत होती. त्या कागदांत बोर्दोच्या आयरिश वस्तीने घरच्यांना लिहिलेल्या सव्वाशेच्या आसपास पत्रांची थैली होती. खटल्याचे पुढे काय व्हावयाचे ते झाले, आणि थैली लंडनजवळच्या क्यू येथील दप्तरात दाखल होऊन अडीचशे वर्षे तशीच राहिली. टॉमस ट्रक्सेस या इतिहाससंशोधकाच्या हाती ती २०११ साली आली, तेव्हा बहुतेक पत्रांची लाखसुद्धा कोणी फोडलेली नव्हती. व्यापारी, धर्मगुरू, मोलकरणी, युद्धकैदी अशा नाना प्रकारच्या माणसांची ही पत्रे १७५७ साली पाहिजे होती त्या हाती पडली नाहीत. ती २०१३ साली ग्रंथरूपाने छापून निघाली, म्हणजे ज्यांच्यासाठी लिहिली होती ते सोडून इतर सर्वांनी ती वाचली. इतिहासकारांना हर्ष व्हावा आणि पत्र लिहिणाऱ्यांना घोर दुःख व्हावे अशा ज्या घटना असतात, त्यांपैकी ही एक.

विद्यार्थ्यांच्या पत्रांपुरते बोलावयाचे तर त्यांतला मुकुटमणी पुढल्या पिढीत सापडतो. केरी परगण्यातील डेरिनॅन येथील मॉरिस ओकॉनेल हे गृहस्थ जमीनजुमला, व्यापार आणि चोरटी आयात या तिन्ही मार्गांनी गबर झालेले होते. बीव्हरच्या केसाळ टोप्यांवर सरकारने कर बसविला तेव्हा तो चुकविण्यासाठी त्यांनी मखमली शिकारटोपी घालण्यास प्रारंभ केला आणि त्यावरून ‘हंटिंग कॅप’ हेच त्यांचे नाव पडले, असे सांगतात. त्यांना संतान नव्हते. धाकट्या भावाचे दोन मुलगे, डॅनिएल आणि मॉरिस, यांच्या शिक्षणाचा भार त्यांनी उचलला आणि १७९१ च्या सुमारास त्यांना यूरोपात रवाना केले. हा डॅनिएल म्हणजेच पुढे ज्याने कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडून दिले तो डॅनिएल ओकॉनेल. परंतु आपणांस येथे त्याच्याशी कर्तव्य आहे ते पंधरा-सोळा वर्षांचा विद्यार्थी म्हणून.

दोघे भाऊ लिएजला पोहोचले तर तेथील विद्यालयाने त्यांना वयाने मोठे म्हणून प्रवेश नाकारला. आता पुढे काय करावे हे काकांना विचारल्याशिवाय ठरविता येत नव्हते, आणि काकांचा हुकूम केरीहून येण्यास कित्येक आठवडे लागणार होते. तेव्हा मुले लूव्हेनला जाऊन थांबली, आणि उत्तराची वाट पाहण्याच्या त्या रिकाम्या काळात डॅनिएलने तेथल्याच एका वर्गात जाऊन बसण्यास सुरुवात केली. काकांनी त्याला स्वस्थ बसू नकोस असे सांगितले नव्हते, कारण सांगण्यास काका जवळ नव्हते. मुलाचा स्वभाव कळण्यास एवढे पुरे आहे. शेवटी सेंतोमेर येथील विद्यालय ठरले. तेथून काकांना गेलेल्या पत्रांत परीक्षेचा निकाल आहे: लॅटिन, ग्रीक व इंग्रजी या विषयांत आपण दुसरे आलो, आणि फ्रेंचमध्ये अकरावे. दुसऱ्या क्रमांकाच्या शेजारी हा अकरावा क्रमांक प्रामाणिकपणे मांडलेला पाहून वाचकास त्या मुलाविषयी ममता वाटू लागते. कारण तो आकडा गाळणे त्यास अगदी सोपे होते. अर्थात काकांचे लक्ष केवळ पुतण्याच्या पत्रांवर विसंबलेले नव्हते. त्यांनी विद्यालयाचे प्रमुख डॉक्टर स्टेपल्टन यांच्याकडून मुलांविषयी स्पष्ट अभिप्राय मागविला होता, आणि स्टेपल्टन यांनी धाकट्याविषयी बेताचे लिहून डॅनिएल मात्र समाजात मोठे नाव काढील, असे भाकीत केले होते. शाळामास्तरांची भाकिते खरी ठरल्याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत. हे एक आहे.

१७९२ च्या ऑगस्टमध्ये दोघे भाऊ दुए येथे गेले, आणि तेथून गेलेल्या पत्रात जो मजकूर आहे तो जगातल्या कोणत्याही वसतिगृहातून, कोणत्याही शतकात, कोणत्याही घरी गेला असता. येथे जेवणात मांसाची वाटणी फार लहान मिळते. ज्यांना परवडते ती मुले वार्षिक काही रक्कम भरून दुसरी वाटणी घेतात. काकांची मर्जी असेल तर आम्हांसही ती घेता येईल. या वाक्यांची ठेवण पाहण्यासारखी आहे. त्यात भूक लागते असे कोठेही म्हटलेले नाही. मागणी आहे, पण ती वसतिगृहाच्या नियमांच्या माहितीत लपेटलेली आहे, आणि निर्णय देणाऱ्याचा मान शेवटपर्यंत अबाधित ठेवलेला आहे. हीच मुले आईस लिहिती तर काय लिहिती, याचा तर्क करता येतो. परंतु हुंडी काकांची होती, म्हणून पत्रही काकांस, आणि पत्राचा सूर हिशेबनिसाने मालकास कैफियत सादर करावी तसा. पुढे आयर्लंडात सभांना लाखो माणसे खिळवून ठेवणारा हा वक्ता अर्जदाराच्या भाषेची पहिली तालीम दुएच्या खाणावळीत करीत होता, असे म्हटल्यास ते फारसे चुकीचे होणार नाही.

फ्रान्समध्ये तोवर राज्यक्रांतीने उग्र रूप धारण केले होते. १७९३ च्या जानेवारीत, ज्या दिवशी सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला त्याच २१ तारखेस, दोघे भाऊ दुए सोडून निघाले. वाटेत सैनिकांच्या शिव्या खात कॅलेला पोहोचले आणि जहाज बंदराबाहेर पडताच टोप्यांवर लावणे भाग पडलेली तिरंगी फुले त्यांनी समुद्रात भिरकावली. क्रांतीने फ्रान्समधील ती विद्यालये मोडली, आणि ज्या इंग्रजी सरकारने शतकभर ती मुले परदेशी जाऊ नयेत म्हणून कायदे केले होते, त्यालाच १७९५ साली मेनूथ येथे कॅथलिकांसाठी विद्यालय काढून द्यावे लागले. फ्रान्समधून क्रांती शिकून येण्यापेक्षा घरीच धर्मशास्त्र शिकलेले बरे, हा त्यातला हिशेब.

यानंतर अर्धे शतक लोटले आणि ओघाची दिशा पालटली. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लक्ष माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली, आणि आता घराकडून मुलाकडे नव्हे, तर मुलाकडून, किंबहुना पुष्कळ वेळा मुलीकडून, घराकडे पैका वाहू लागला. १८५४ या एका वर्षात उत्तर अमेरिकेतून सतरा लक्ष पौंडांहून अधिक रक्कम आयर्लंडात आल्याची नोंद सरकारी आयुक्तांनी केली आहे, आणि त्यातला मोठा भाग पाठच्या भावंडासाठी आगाऊ काढलेल्या जहाजाच्या तिकिटांच्या रूपाने आला होता. या लोकांस विद्यार्थी म्हणता येणार नाही, परंतु त्यांचे पत्रलेखन हा शाळेचाच एक परिणाम होता: १८३१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळांनी त्यांना इंग्रजी लिहिण्यास शिकविले, आणि त्यामुळे ज्या मुलीचे आईशी बोलणे जन्मभर आयरिश भाषेत झाले, तिचे न्यूयॉर्कहून येणारे पत्र मात्र इंग्रजीत येई, आणि शाळेत जाणारे धाकटे पोर किंवा मास्तर ते आईस वाचून समजावून सांगे. पत्र येणार म्हणजे शेजारपाजार गोळा होई. अशा भरल्या घरात वाचले जाणारे पत्र लिहिताना लेखणी आपोआप जपून चालते. वरच्या ओळींत इकडील कुशल कळवून तिकडील कुशल विचारण्याचा जो ठराविक साचा होता, तो आपल्याकडील जुन्या पत्रांच्या मायन्याशी इतका जुळतो की, वाचताना क्षणभर आपण कोकणातले एखादे पत्र वाचतो आहोत असे वाटावे. ज्या पत्रात नोट नसे त्याची किंमत गावात सर्वांना कळे. म्हणून पैसे नसले की पुष्कळजण लिहीतच नसत, आणि घरचे लोक मुलगा विसरला असे समजत. प्रत्यक्षात त्यास लाज वाटत असे.

या पत्रांचा शोध घेण्यात कर्बी मिलर या अमेरिकन प्राध्यापकाने अवघे आयुष्य वेचले. त्यांचा १९८५ सालचा ग्रंथ या विषयावर आधारभूत मानला जातो, आणि त्यांनी जमविलेली हजारो पत्रे गॉलवे विद्यापीठाने २०२४ साली सर्वांसाठी खुली केली. ऑस्ट्रेलियाकडील पत्रांवर डेव्हिड फिट्झपॅट्रिक यांनी १९९४ साली असेच मोलाचे काम केले. तारायंत्राची कथा येथे एका वाक्यात आटोपता येईल: अटलांटिकच्या तळातून गेलेली पहिली टिकाऊ तार १८६६ साली केरीच्याच व्हॅलेन्शिया बेटावरून निघाली, परंतु शब्दास सुमारे एक पौंड हा तिचा दर होता, तेव्हा त्या बेटावरच्या शेतकऱ्यांना आपल्या पायाखालून जगाच्या बातम्या जातात एवढ्या समाधानावर राहावे लागले.

विसाव्या शतकात एक वर्ग असा निर्माण झाला की, जो विद्यार्थीही होता आणि घरास पोसणाराही होता. आयर्लंडातील इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घ्यावयाचे तर फी भरावी लागे. इंग्लंडातील इस्पितळ मात्र शिकाऊ मुलीस राहण्याची जागा, जेवण, गणवेश आणि वर थोडे वेतनही देई. तेथील इस्पितळांच्या जाहिराती आयरिश वर्तमानपत्रांत येत, आणि १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाल्यावर तर मागणीस अंतच राहिला नाही. मेयो, लिट्रिम, केरी या परगण्यांतील अठरा वर्षांच्या मुली डन लेरीच्या धक्क्यावरून होलीहेडकडे जाणाऱ्या डाकबोटीत चढल्या त्या या मार्गाने. १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत देशांतरामुळे आयर्लंडची निव्वळ घट चार लक्षांहून अधिक झाली, आणि १९६१ च्या शिरगणतीत लोकसंख्या अठ्ठावीस लक्षांवर येऊन ठेपली. या आकड्यांत त्या मुलींचा वाटा मोठा आहे, परंतु गावोगावच्या चौकांत पुतळे उभारले गेले ते बंडवाल्यांचे.

या मुलीची स्थिती चमत्कारिक होती. ती शिकत होती, म्हणून आईबापांच्या धाकात होती. ती मिळवीत होती, म्हणून त्या धाकातून अर्धी सुटलेली होती. वेतनातून काही शिलिंग बाजूला काढून पोस्टल ऑर्डर घरी जाई, आणि तिच्याबरोबरचे पत्र रविवारच्या प्रार्थनेस न चुकता जाते या आश्वासनाने भरलेले असे. वसतिगृहाचे दार रात्री ठराविक वेळी बंद होते, मेट्रन कडक आहे, धुके फार आहे, अमुकतमुकची मुलगी भेटली होती, असा निरुपद्रवी मजकूर पुढे येई. नृत्यगृहात भेटलेल्या परधर्मी तरुणाविषयी, किंवा मरणाऱ्या रोग्याशेजारी एकटीने काढलेल्या पहिल्या रात्रीविषयी, लिहिण्याची सोय त्या पत्रात नव्हती. आणि हे लपविणे एकतर्फी होते असे मुळीच नाही. बापाचा खोकला, विकलेली गाय, भावाचे दारू पिणे हे घरूनही लपविले जाई, कारण मुलगी शिक्षण अर्धे टाकून परत येईल, अशी भीती असे. दोन्हीकडून असा पडदा धरलेला असताना माया पोहोचे ती पार्सलांतून. घरून दर आठवड्याला परगण्याचे वर्तमानपत्र गुंडाळून टपालात पडे, मार्चमध्ये सेंट पॅट्रिकच्या सणासाठी ओलसर मातीसह शॅमरॉकची पाने येत, आणि नाताळात तर अख्खी टर्की टपालाने समुद्र ओलांडून येई; ती कोणत्या अवस्थेत पोहोचे याचा विचार न केलेलाच बरा.

टेलिफोनने हा पडदा फाटावयास हवा होता, परंतु आयर्लंडातील टेलिफोन खाते त्या बाबतीत समाजाच्या मदतीस आले, म्हणजे नवी जोडणी देण्यास त्यांनी वर्षेच्या वर्षे लावली. लंडनच्या किलबर्नमधील मुलगा नाणी घेऊन रविवारी संध्याकाळी सार्वजनिक टेलिफोनच्या रांगेत उभा राही, आणि पलीकडे फोन वाजे तो घरी नव्हे, तर शेजाऱ्याकडे, दुकानात किंवा पोस्टात. १९७९ साली टपाल व तार खात्यातील कर्मचाऱ्यांचा संप तब्बल अठरा आठवडे चालला. क्लेअर परगण्यातील माउंटशॅनन येथे हाताने जोडणी करून देणारे शेवटचे केंद्र बंद झाले ते १९८७ साली. तोवर गावातील प्रत्येक संभाषण निदान एका तिऱ्हाईत स्त्रीस ऐकू जाण्याची शक्यता असे, आणि बोलणारे तसेच बोलत.

आजचा आयरिश विद्यार्थी बूडापेस्ट किंवा वॉर्सा येथे पशुवैद्यक शिकावयास जातो, कारण मायदेशातील प्रवेशासाठी लागणारे गुण त्याच्या पदरी पडलेले नसतात. आणि त्यामुळे ओघ पुन्हा घराकडून मुलाकडे वळला आहे. मात्र आता पैका मोबाइलच्या एका स्पर्शाने पोहोचतो आणि त्यासाठी पत्र लिहावे लागत नाही. मागणी एका ओळीची, पोच एका अंगठ्याच्या चिन्हाची. कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट दिवसभर चालू असतो. पूर्वी महिनाभर पत्र आले नाही तर वारा उलटा असेल असे समजून लोक स्वस्थ बसत, आता दोन निळ्या खुणा उमटूनही उत्तर आले नाही, तर तासाभरात खुलासा मागितला जातो. मरणाची बातमीही याच मार्गाने येते. २००५ साली निघालेल्या ‘आरआयपी डॉट आयई’ या संकेतस्थळावर देशातील जवळजवळ प्रत्येक मृत्यूची व अंत्यविधीच्या वेळेची नोंद होते, आणि परदेशी गेलेली तरुण मुलेसुद्धा ते चाळतात. अनेक चर्चमध्ये बसविलेल्या कॅमेऱ्यांमुळे आजीचा अंत्यविधी हजार मैलांवरून पाहता येतो. ऑस्ट्रेलियाने २०२० च्या मार्चमध्ये आपल्या सीमा बंद केल्या तेव्हा तेथील आयरिश तरुणांना दुसरा उपायच राहिला नाही. एका गोष्टीपुरते मात्र सरकार अजूनही माणूस प्रत्यक्ष हजर मागते: देशाबाहेर राहणाऱ्या सामान्य नागरिकास टपालाने मत देता येत नाही, म्हणून २०१५ आणि २०१८ च्या सार्वमतांच्या वेळी विद्यार्थी आणि नोकरदार विमाने भरभरून मत देण्यासाठी घरी आले.

पार्सलांची चाल मात्र मोडलेली नाही. चहाची खोकी आणि टेटो बटाटेकाप यांना जगातील कोणत्याही शहरात पर्याय नाही, असे प्रत्येक आयरिश आईचे मत असते, आणि मुलाचेही असते. फरक पडला आहे तो इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्सला जाणाऱ्या पार्सलांपुरता. ब्रिटन युरोपीय संघाच्या जकातव्यवस्थेतून बाहेर पडल्यामुळे, १ जानेवारी २०२१ पासून एडिंबरो किंवा लिव्हरपूल येथे शिकणाऱ्या मुलीस खाऊ धाडावयाचा तर आईस जकातीचा नमुना भरून द्यावा लागतो. आत काय आहे, नग किती, वजन किती, किंमत किती, आणि पाठविण्याचा हेतू कोणता, हे सरकारास कळवावे लागते. हेतूच्या रकान्यात छापील पर्याय असतात. व्यापारी माल, नमुना, परत पाठविलेली वस्तू, भेट. बहुतेक आया भेटीपुढे खूण करतात आणि चहाची किंमत थोडी कमीच लिहितात.